पाणबुडीचा शोध आणि परक्याच्या खिशातील किल्ली

(अकोला येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टर हा विषय अकोल्यात कशाला, असे काहींना वाटले असेल. अमरावती-अकोल्याहून समुद्र दूर, हे खरे. परंतु एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचा कापूस याच समुद्रावरून लँकेशायरला गेला आणि कापड होऊन परत आला. समुद्रावर सत्ता कोणाची, या प्रश्नाची किंमत आपल्या पणजोबांनी मोजलेली आहे.

९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुक्री’ ही युद्धनौका बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नाविक गेले. ‘खुक्री’ पाणबुडीच्याच शोधात निघाली होती. पण पाणबुडीनेच तिला आधी हेरले. त्याच वर्षीच्या एप्रिलात ‘सी किंग’ हेलिकॉप्टरांचे पहिले पथक कोचीला उभे राहिले होते. ‘खुक्री’वर मात्र हेलिकॉप्टर उतरण्यास जागाच नव्हती. हे यंत्र पाण्यावर अधांतरी थांबते, तारेने सोनार खाली सोडते, कानोसा घेते, तो वर ओढते आणि पुढे सरकते. पाणबुडीचा टॉर्पेडो त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा असे हेलिकॉप्टर नकोच, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. नाविक हाही कष्टकऱ्याचाच मुलगा असतो.

माझा प्रश्न निराळा आहे. सी किंग बांधले ब्रिटनच्या वेस्टलंड कंपनीने, पण मूळ आराखडा अमेरिकेच्या सिकोर्स्कीचा. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि सुट्या भागांअभावी आपली कित्येक सी किंग जमिनीला खिळली. पैसा आपला, वैमानिक आपले. किल्ली तेवढी परक्याच्या खिशात! दरसाल नव्याने बियाणे विकत घ्यावे लागणाऱ्या कापूस उत्पादकाला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि पुन्हा फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच सिकोर्स्कीच्या २४ ‘सीहॉक’ हेलिकॉप्टरांचा करार झाला. अमेरिकी सरकारने २०१९ मध्ये या व्यवहाराचा अंदाज २६० कोटी डॉलर सांगितला होता. ६ मार्च २०२४ रोजी त्यांचे पहिले पथक कोचीला दाखल झाले. देशात बनलेले ‘ध्रुव’ या कामी नौदलाला पुरे पडले नाही, असे सांगतात. मान्य, पण मग पुरे पडेल असे हेलिकॉप्टर बांधण्यास पन्नास वर्षे अपुरी पडली काय?

माझी सूचना एवढीच, की अमरावती व अकोल्याच्या खासदारांना पुढील अधिवेशनापूर्वी आपण लेखी विचारावे : या २४ हेलिकॉप्टरांचे किती भाग देशात तयार होणार, आणि उद्या पुरवठा थांबला तर ती किती दिवस उडतील?