मॉरिशस : ऊसतोडीतून वसलेलं बेट

मिरजगावहून मी तुमची बचत गट समन्वयक बोलतेय. एरवी मी हप्ते, कर्ज आणि व्याज यांवर बोलते. आज मात्र तुम्हाला एका बेटावर नेणार आहे. बेटाचं नाव मॉरिशस. सिनेमातल्या गाण्यांमध्ये तिथलं निळं पाणी आणि पांढरी वाळू तुम्ही पाहिली असेल. पण तिथे आपली मराठी माणसंही राहतात, आणि ती तिथे कशी पोचली ते ऐकलंत तर ही गोष्ट आपल्याच तालुक्यातली वाटेल.

हे बेट हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या बाजूला आहे. आपला अहिल्यानगर जिल्हा 17 हजार चौरस किलोमीटरचा. अख्खं मॉरिशस बेट दोन हजारांच्या आत. आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा तिथे नऊ वाजलेले असतात.

बघायला काय काय आहे? शामारेल गावाजवळ एक उघडी टेकडी आहे. तिच्यावर लाल, तपकिरी, जांभळी, पिवळी अशी सात रंगांची माती पसरलेली दिसते. पॅम्पलमूसच्या बागेत तळ्यावर परातीपेक्षा मोठी पानं तरंगतात. डोंगरात गंगा तलाव आहे. महाशिवरात्रीला लोक कावड घेऊन तिथे पायी जातात.

आता खाण्याचं. तिथे रस्त्यावर डाळपुरी मिळते. हरभऱ्याची डाळ शिजवून, वाटून पुरीत भरतात आणि लाटून तव्यावर भाजतात. आपल्या पुरणपोळीची तिखट बहीणच म्हणा. दोन पुऱ्यांची जोडी, त्यात घेवड्याची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि चटणी. डाळवडेही मिळतात, त्यांना तिथे फ्रेंच नाव आहे. अननसाच्या फोडींना मीठ-मिरची लावून खातात.

आणि गणपती! गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते. 1896 साली हेन्रिएटा गावात एका मराठी घराने गणपती बसवला, तिथून ही प्रथा वाढत गेली. विसर्जनाच्या मिरवणुकीत झाकरी नाचतात. कोकणातली जाखडी, तीच ही. मराठी तिथल्या शाळांमधूनही शिकवतात. भोजपुरी बोलणाऱ्या बायकांची लग्नाआधीची गाणीही ऐकण्यासारखी. ढोलक असतो, आणि तांब्या, थाळी, चमचे हीच वाद्यं. या गीत-गवईला 2016 साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. बायकांनी स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर धरलेला ताल जगाच्या यादीत गेला!

मग ही माणसं तिथे गेली कशी? ऊस तोडायला.

1835 साली तिथली गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. 2 नोव्हेंबर 1834 ला 36 भारतीय मजूर जहाजातून पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. पुढे 1920 पर्यंत सुमारे साडेचार लाख आले. त्यांत कोकण-साताऱ्याकडची मराठी माणसंही होती. ज्या दगडी पायऱ्यांवरून ती चढली, त्या सोळा पायऱ्या आजही आहेत. त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. 2 नोव्हेंबरला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते.

सुरुवातीचा करार पाच वर्षांचा होता आणि पगार महिन्याला पाच रुपये. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापत. मैत्रिणींनो, हे ऐकून कुठला शब्द आठवला? खाडा! आपल्याकडून दिवाळीच्या आसपास कारखान्यावर जाणाऱ्या प्रत्येक बाईला तो माहीत आहे. उचल आपल्याकडे, अंगठा आपल्याकडे, मुकादमही आपल्याकडे. तिथे मुकादमाला सरदार म्हणत.

एक फरक मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाची नोंद व्हायची, बाईचीसुद्धा. तिचं नाव, तिचा स्वतःचा नंबर, तिचं गाव. ही नोंद काही मायेपोटी नव्हती. मजूर पळून जाऊ नये म्हणून होती. पण ती वही राहिली. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ती कागदपत्रं जपलेली आहेत. आज तिथली नातवंडं-पतवंडं येऊन आपली पणजी कोणत्या गावची होती ते शोधतात, आणि काहींना ते सापडतंही.

आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याशी. सहा महिने वाकून ऊस तोडणाऱ्या, मोळी डोक्यावर वाहणाऱ्या बाईचं नाव कोणत्या कागदावर असतं?

म्हणून एक सांगणं आहे. यंदा गावातून गाडी निघण्याआधी प्रत्येक गटाने एक बैठक घ्यावी. जाणाऱ्या प्रत्येक सखीचं नाव इतिवृत्तात लिहावं. कोणत्या कारखान्यावर चाललीय, मुकादम कोण, त्याचा फोन नंबर, उचल किती, खाड्याला किती कापणार, सोबत मुलं किती, हे सगळं लिहावं. सखीने स्वतः सही करावी. एक प्रत तिच्याकडे, एक गटाकडे. ती परत आल्यावर तीच वही उघडून हिशेब जुळवावा. वाद झाला तर हातात लिहिलेलं काहीतरी असेल. तिकडे आजारपण आलं, तर तिला कुठे शोधायचं ते गटाला माहीत असेल.

मॉरिशस बघायला जमेल तेव्हा जरूर जा. सात रंगांची माती बघा, डाळपुरी खा. आणि पोर्ट लुईला त्या सोळा पायऱ्यांपाशी दोन मिनिटं थांबा. तोवर आपली वही आजच उघडा. पहिलं पान कोणाच्या नावाने लिहिलंत ते मला पुढच्या बैठकीत सांगा. नमस्कार.