मेंदूंतील बुरशी

श्रावणांतल्या दमट दिवसांत शिळ्या भाकरीवर पांढरी, काळ्या ठिपक्यांची बुरशी चढते. गृहिणी ती भाकरी टाकून देते आणि लोणच्याच्या बरणींत तेल पुरेसें आहे ना, हें पाहते. याच गोत्राची बुरशी माणसाच्या मेंदूंतहि वाढूं शकते, हें कांहीं वर्षांपूर्वीं सुशिक्षित श्रोत्यासहि खरें वाटलें नसतें. पण 2021 च्या उन्हाळ्यांत म्युकरमायकोसिस हें अवघड नांव महाराष्ट्रांत घरोघरीं पोहोंचलें. करोनांतून वांचून घरीं परतलेल्या माणसांपैकीं कोणाचा गाल दुखूं लागला, कोणाचा डोळा सुजला. त्या वर्षीं देशांत या रोगाचे 50,000 हून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांत महाराष्ट्राचा वांटा फार मोठा होता.

लोकांनीं त्यास ‘काळी बुरशी’ म्हटलें. तें नांव फसवें आहे. बुरशीचे तंतू काळे नसतात. ते रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवितात, आणि रक्तावांचून मेलेलें मांस काळें पडतें. हिचे बीजकण धुळींत, उकिरड्यावर, हवेंत सर्वत्र आहेत. ते रोज श्वासाबरोबर नाकांत जातात व रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांचा फडशा पाडतात. परंतु मधुमेह अनावर झाला कीं या पहारेकऱ्यांचें बळ घटतें. स्टेरॉइड हें करोनांत अनेकांचे प्राण वांचविणारें औषध. पण तेंहि साखर वाढवितें आणि पहारा आणखी ढिला करतें. मग नाकांतून गालाच्या हाडांतील पोकळ्यांत, तेथून डोळ्याच्या खोबणींत आणि तिच्यामागून मेंदूंत, हा बुरशीचा प्रवास कधीं कधीं थोड्या दिवसांतच पुरा होतो.

उमरग्यासारख्या गांवीं हे थोडे दिवसच मोलाचे. अर्ध्या तोंडाचा ठणका दाढेचा म्हणून, डोळ्याची सूज डोळे आल्याची म्हणून आठवडा सहज निघून जातो. मग नळदुर्गावरून सोलापूर गांठावयाचें, कीं औशावरून लातूर, याचा खल होतो. मधुमेह्याचे दांत विनाकारण हलूं लागले, नाकांतून काळपट स्राव आला, एकाच्या दोन वस्तू दिसूं लागल्या किंवा टाळूवर काळा डाग पडला, तर रात्र उलटूं देऊं नये.

उपचारांत साखर ताब्यांत आणणें हें आलेंच. पण शस्त्रवैद्यास मेलेलें मांस व हाड कापून काढावें लागतें. कारण जेथें रक्त पोहोंचत नाहीं, तेथें औषधहि पोहोंचत नाहीं. प्रसंगीं डोळा काढावा लागतो. जीव कीं डोळा, हा प्रश्न दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या कुटुंबास सोडवावा लागतो.

मुख्य औषध ॲम्फोटेरिसिन. व्हेनेझुएलांतील ओरिनोको नदीकांठच्या मातींतील एका सूक्ष्म जीवापासून तें 1955 च्या सुमारास मिळालें. बुरशीच्या पेशींच्या आवरणास तें भोकें पाडतें. अडचण अशी कीं, माणसाच्या पेशींचें आवरण बरेंचसें तसेंच असल्यामुळें त्यांसहि इजा होते. थंडी वाजून ताप भरतो, मूत्रपिंडें बिघडतात. म्हणून त्यास स्निग्ध द्रव्याच्या अतिसूक्ष्म पुटकुळ्यांत भरून देण्याची युक्ति निघाली. मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें देशी औषध सिद्ध करण्यांत मोठा भाग घेतला, ही गोष्ट जितकी सर्वांस ठाऊक असावी तितकी नाहीं.

आतां हिशेब पाहावा. दर किलोमागें 5 मिलिग्रॅम म्हणजे 60 किलो वजनाच्या रुग्णास रोज 300 मिलिग्रॅम. 50 मिलिग्रॅमच्या 6 कुप्या. मेंदूंत बुरशी शिरली असल्यास मात्रा दुप्पट करावी लागते, म्हणजे कुप्या 12. आणि हें कित्येक आठवडे! मे 2021 मध्यें देशभर तुटवडा पडला तो यामुळेंच. पुढें वर्ध्यासहि तें औषध तयार होऊं लागलें. कुप्या संपल्यावर पोसॅकोनॅझोलच्या गोळ्या महिनोन् महिने चालतात.

मेंदूस गांठणारी दुसरी एक बुरशी कबुतरांच्या विष्ठेंत आढळते. क्रिप्टोकॉकस तिचें नांव. ती नाकाऐवजीं फुप्फुसांतून रक्तांत व तेथून मेंदूच्या आवरणांत जाते, आणि एड्सनें क्षीण झालेल्यांस विशेषतः ग्रासते. रोग हळूहळू चढतो. डोकेदुखी आठवडेच्या आठवडे राहते. पाठीच्या कण्यांतून काढलेल्या पाण्यांत काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें असतां तिच्याभोंवतीं शुभ्र वलय दिसतें. तेंच पाणी पुनःपुन्हां काढल्यानें मेंदूवरील दाब उतरतो. औषध येथेंहि ॲम्फोटेरिसिनच. मात्र आफ्रिकेंतील प्रयोगांनंतर जागतिक आरोग्य संघटनेनें 2022 मध्यें त्याची एकच मोठी मात्रा, इतर दोन औषधांच्या जोडीनें, पुरेशी ठरविली आहे.