सहा तासांची ओहोटी

आज मोठ्या सुट्टीबद्दल बोलूया. आमच्या भिवंडीत लूम थांबला की कमाई थांबते. त्यामुळे मी महिनाभर बिनपगारी रजा घेतली, तेव्हा बाबांनी विचारलं, "बरं नाही का रे?"

बरा होतो. मला ज्ञानेश्वरी पूर्ण वाचायची होती आणि लांबवर कयाक चालवायची होती. डोक्यात कौस्तुभ खाडे होता. या पठ्ठ्याने २०१५मध्ये मुंबई ते गोवा समुद्रातून कयाक वल्हवली. पुढे गुजरात ते कन्याकुमारी, सुमारे ३००० किलोमीटर! माझी धाव कशेळीपासून वसईपर्यंत आणि परत, टप्प्याटप्प्याने. अंगात लाइफ जॅकेट, सोबत खाडी ओळखणारे कोळीदादा.

खाडीत साधारण सहा तास ओहोटी, सहा तास भरती. जाताना ओहोटी साथीला, येताना भरती. पाणी उलटं फिरलं की कितीही वल्हवा, दमणार आपणच. मग काठाला लागायचं, हरिपाठ म्हणायचा, पुस्तक उघडायचं. माझे १८ अध्याय या थांबण्यातच झाले. भरतीची वेळही रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे तिथे घड्याळाची शिफ्ट चालत नाही.

पैशांची ओढाताण झाली, ते खरंच. पण वारकरीसुद्धा हातातलं काम ठेवूनच पंढरीला निघतात ना? बाबांना हे लगेच पटलं.

महिना जमत नसेल, तर एक ओहोटी काढा. सहा तास, फोन बंद. हा एपिसोड संपल्यावर हां! भेटू पुन्हा.