सोमवारची चूल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९७२च्या एस.एस.सी. तुकडीच्या वतीने केलेले भाषण)



छड्या, डबे आणि गॅदरिंग यांवर आधीच्या वक्त्यांनी छान बोलून घेतलं आहे. मी फक्त जानेवारी १९६६बद्दल बोलणार आहे. आपण तेव्हा पाचवीत होतो.

१९६५चं युद्ध थांबलं होतं, पण धान्याची टंचाई संपली नव्हती. रेशनवर लाल मिलो मिळायची. तिच्या भाकरीला आमच्या घरात कोणी खुशीने हात लावत नसे. लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं, म्हणून आमच्याकडे सोमवारी संध्याकाळी चूल पेटत नसे. मोठी माणसं पाणी पिऊन झोपत. आम्हा मुलांना मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. तुमच्यापैकी बऱ्याच घरांत असंच असणार.

सोमवारी, १० जानेवारीला ताश्कंदला करारावर सह्या झाल्या. मंगळवारी सकाळी शास्त्री गेल्याची बातमी रेडिओवर आली. शाळेत प्रार्थनेनंतर दोन मिनिटं उभे राहिलो आणि सुट्टी झाली. सुट्टीचा आनंद झाला होता, पण तो चेहऱ्यावर दाखवायचा नाही, एवढं आपल्याला कळत होतं. घरी आले तर आई संक्रांतीचे तीळ निवडत बसली होती. मधूनच डोळ्यांना पदर लावायची, पुन्हा सुपात हात घालायची.

पुढच्या सोमवारी माझ्या धाकट्या भावाने विचारलं, “आता शास्त्री नाहीत. मग आज जेवायचं ना?” आईने उत्तर दिलं नाही. त्याच्या हातावर नेहमीपेक्षा मोठा गुळाचा खडा ठेवला. चूल मात्र पेटवली नाही. त्याच महिन्यात, २४ तारखेला, मॉ ब्लाँवर विमान कोसळून होमी भाभा गेले. तोही सोमवारच.

गेल्या वर्षी माहेरचा माळा आवरताना आईची १९६६ची हिशेबाची वही सापडली. दूध, भाजी, रॉकेल. १० जानेवारीला तीळ आणि गूळ. ११ तारखेची ओळ कोरी. त्या दिवशी बाजार बंद होता. शास्त्रींचं नाव वहीत कुठेच नाही. पण दर सोमवारपुढे एक बारीक आडवी रेघ आहे. त्यांच्या निधनानंतरच्या एकवीस सोमवारांपुढे ती मी मोजली. जूनच्या पहिल्या आठवड्यात वहीच संपते. आणखी एक दिसलं. काही सोमवारी ‘दूध पावशेर जास्त’ असं लिहिलंय. मी भावाला फोन करून वाचून दाखवलं. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग हसून म्हणाला, “ताई, तू झोपल्यावर मिळायचं ते.”

देशाचं दुःख म्हटलं की आपल्याला अर्ध्यावर उतरलेला झेंडा आठवतो. तो पुन्हा वर चढतो, आणि चढायलाच हवा. त्यानंतरचं दुःख घराघरांत सांभाळलं जातं. कुणी चूल पेटवत नाही, आणि लेकराला रात्री हळूच दूध देतं. आईला या दोन्हींत विसंगती वाटली नाही. मलाही वाटत नाही.

२०२१च्या कोरोनात आपल्या तुकडीतले काही जण गेले. त्यांच्या दारी जाऊन दोन शब्द बोलायचीही सोय नव्हती. ते भेटणं अजून राहिलेलं आहे. म्हणून माझी एक सूचना आहे. त्यांच्या घरच्यांचे फोन नंबर आपण गोळा करू. दर सोमवारी संध्याकाळी आपल्यातल्या एकाने एका घरी फोन करावा. सांत्वन जमलं नाही तरी चालेल. आज काय भाजी केली, एवढं विचारलं तरी पुरे. पहिल्या सोमवारी मी करते. पुढच्या सोमवारांसाठी चहाच्या टेबलावर वही ठेवली आहे. जाताना नाव लिहून जा.