धान्य आहे, हक्क कोठे आहे?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा संक्षेप)



ग्रामीण भुकेचा प्रश्न निघाला की राज्यकर्ते कोठारांचे आकडे पुढे करतात. इतके पिकले, इतके साठवले. मग भूक उरतेच कोठे, असा त्यांचा सवाल असतो. इतिहासाने त्याला फार पूर्वीच उत्तर दिले आहे. १९४३ साली बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे मेली. त्या वर्षीचा धान्यपुरवठा १९४१ पेक्षा कमी नव्हता, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले. त्यांच्या आकड्यांवर वाद झाले; मेले कोण, यावर वाद नाही. शेतमजूर, कोळी, अंगमेहनतीवर जगणारी गावची माणसे मेली. युद्धखर्चाने भाव भडकले, मजुरी मात्र मागे राहिली.

याच्या उलट आपला १९७२-७३ चा दुष्काळ पाहा. येथे पीक खरोखरच बुडाले होते. महाराष्ट्राचे धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्याच्या आसपास आले. तरीही बंगालसारखा संहार झाला नाही, कारण १९७३ च्या उन्हाळ्यात ५० लाखांच्या घरात माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या, पाझर तलावांची माती वाहणाऱ्या हातांत मजुरी पडत होती, आणि मजुरीच्या मागोमाग धान्य येत होते. सरकारला ही बुद्धी आपोआप सुचली, असे कोणी समजू नये. त्यासाठी मोर्चे काढावे लागले, संप करावे लागले. मिलोची भाकरी खाऊन माणसे लढली! त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरी नोकरदारांवर व्यवसायकर बसविण्यात आला होता. पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, हे तत्त्व कायद्यात आले.

अन्नाची शाश्वती घराच्या उंबरठ्याआतही तपासावी लागते. अल्पभूधारक शेतकरी देणे फेडण्यासाठी सुगीतच धान्य विकतो आणि पावसाळ्यात चढ्या भावाने तेच विकत घेतो. मराठवाड्यात ज्वारीच्या रानात सोयाबीन आले. रोकड वाढली असेल, पण घरची कणगी रिकामी झाली आणि जनावरांचा कडबाही गेला. आणि ताटात जे पडते, त्यातले शेवटचे बाईच्या वाट्याला येते. तिच्या हातात स्वतःची मजुरी पडणे म्हणूनच महत्त्वाचे.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. आपण त्याचे स्वागतच केले. परंतु लाभार्थ्यांची मर्यादा २०११ च्या जनगणनेवर ठरली. नंतर वाढलेल्या लोकसंख्येचे काय? शिवाय पाच किलोत महिना निघत नाही. तेल, डाळ, मीठ विकतच आणावे लागते, म्हणजे गाडी पुन्हा मजुरीपाशी येते.

आणि नेमक्या याच ठिकाणी घाव घातला जात आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगाराचा नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० वरून १२५ झाल्याचा डांगोरा पिटला जातो. पण त्याच कायद्यात प्रत्येक राज्याचा निधी केंद्राने आधीच ठरवून देण्याची आणि शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. हंगामात कामे बंद ठेवणे म्हणजे मजुराची घासाघीस करण्याची ताकद काढून बागायतदाराच्या हाती देणे. निधीला आधीच कुंपण घातल्यावर हमी कसली उरली?

म्हणून प्रत्येक तालुक्यात कामाच्या मागणीचे अर्ज लेखी भरून घ्या, तारखेसह पोच घ्या, आणि काम न मिळाल्यास भत्त्याचा दावा दाखल करा. रेशनच्या यादीतून सुटलेल्या कुटुंबांची नोंद त्याच फेरीत करा. बायकांचे अर्ज वेगळे, त्यांच्या स्वतःच्या नावाने असावेत.