तळपाय आणि निद्रा

उत्तर प्रदेशातील ललितपूर जिल्ह्यात बेतवा नदीच्या काठी देवगढ नावाचे स्थान आहे. तेथील गुप्तकालीन दशावतार मंदिराच्या भिंतीत शेषशायी विष्णूचे एक विख्यात शिल्प आहे. भगवान योगनिद्रेत पहुडले आहेत आणि पायाशी बसलेली लक्ष्मी त्यांचा पाय चेपीत आहे. शेषशायीच्या मूर्तींतून हा प्रसंग पुष्कळदा आढळतो. त्यामुळे तो एकट्या देवगढच्या शिल्पकाराच्या कल्पनेचा खेळ म्हणता येणार नाही. साक्षात जगन्नियंत्याच्या निद्रेची कल्पना करतानाही या देशातील माणसाला पाय चेपणाऱ्या हातांची आठवण झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. दिनचर्येत त्यांनी अंगाला तेल लावण्यास महत्त्वाचे स्थान दिले आणि मस्तक, कान व पाय या तीन ठिकाणी ते विशेषेकरून लावावे, असे वाग्भटाने सांगितले. पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा आणि बधिरता पादाभ्यंगाने दूर होते, तळव्यांना भेगा पडत नाहीत, दृष्टी निवळते, असे चरकसंहितेत म्हटले आहे. सुश्रुतसंहितेने तर पादाभ्यंगाच्या गुणांत निद्रा आणण्याच्या गुणाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. अर्थात या आचार्यांनी उपाय सांगितला तसे अपवादही सांगितले. कफाचा जोर असलेल्याने, अजीर्ण झालेल्याने आणि नुकतेच वमन-विरेचन घेतलेल्याने अभ्यंग करू नये, असे त्यांचे सांगणे आहे. सर्वांना सर्वकाळ गुणकारी असा उपाय सांगणाऱ्यांपैकी ते नव्हते.

मराठी घरांत या शास्त्राचा जो अवशेष उरला, तो म्हणजे काशाची वाटी. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाने काशे तयार होते. त्याची हाताच्या मुठीत मावेल एवढी वाटी घ्यावयाची, तळव्याला साजूक तूप किंवा तेल लावावयाचे आणि वाटीच्या पालथ्या बुडाने तळवा घाशीत राहावयाचे, एवढाच तो विधी. डोळ्यांची आग होऊ लागली, उन्हाळा बाधला, परीक्षेच्या दिवसांत मुलाला झोप येईनाशी झाली, की फडताळातून ही वाटी बाहेर निघे. पाव घटका घासल्यावर तळव्यावर काळपट लेप जमे आणि घरातील वडीलधारे माणूस तो बोटावर घेऊन दाखवी: ‘‘बघ, किती उष्णता होती अंगात!’’ तो काळा लेप म्हणजे उष्णता नव्हे. घर्षणाने झिजलेल्या धातूचे सूक्ष्म कण स्निग्ध पदार्थात मिसळले की तो रंग येतो. अंगात कडकी नसलेल्या माणसाच्या पायावरही तो तसाच येतो. परंतु झोप लागे, हे मात्र खरे. उपपत्ती चुकीची आणि अनुभव खरा, असा हा प्रकार आहे. आणि तो केवळ मराठी माजघरापुरता मर्यादित नाही.

अमेरिकेत हार्टफर्ड या शहरी विल्यम फिट्झजेरल्ड नावाचे कान, नाक व घसा यांचे डॉक्टर होते. हाताच्या किंवा पायाच्या बोटांवर विवक्षित ठिकाणी दाब दिला असता शरीराच्या दुसऱ्याच एखाद्या भागातील वेदना कमी होते, अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. उजवीकडे पाच, डावीकडे पाच, बोटागणिक एक. १९१७ साली त्यांनी एका सहलेखकासह आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दाब देण्यासाठी रबराची कडी, धातूच्या फण्या, एवढेच काय, कपडे वाळत घालण्याचे चिमटेही वापरण्यात येत! फ्लोरिडात रायली नावाच्या डॉक्टरांकडे काम करणाऱ्या युनिस इंगहॅम या बाईंनी या पद्धतीतील फण्या आणि चिमटे बाजूला सारले, आपला आंगठा पुढे केला आणि सारे लक्ष पायावर केंद्रित केले. १९३८ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि पुढे त्या गावोगाव शिकवीत फिरल्या. आज जगभर ‘रिफ्लेक्सॉलॉजी’ म्हणून जी मर्दनपद्धती ओळखली जाते, तिची जडणघडण मुख्यतः या बाईंच्या हातून झाली.

या पद्धतीत तळपाय हा शरीराचा नकाशा मानला जातो. आंगठ्यात मस्तक, बोटांच्या खालच्या उंचवट्यात छाती व फुफ्फुसे, खोलगट भागात जठर व आतडी, आतल्या कडेला पाठीचा कणा, टाचेत कटिप्रदेश. निद्रानाशाचा रोगी आला की उपचारक बहुधा आंगठ्याचा गर आणि तळव्याच्या मध्यावर, उंचवट्याच्या खाली असणारी खळगी यांवर अधिक वेळ देतो. आपल्याकडील बाजारात लाकडी रूळ, काटेरी चटया आणि खडबडीत खडावा ‘ॲक्युप्रेशर’ या नावाने विकल्या जातात आणि त्यांवरही अनेकदा हाच नकाशा छापलेला असतो. वास्तविक ॲक्युप्रेशरचा उगम चिनी वैद्यकात आहे आणि हा नकाशा अमेरिकेतला; परंतु दुकानदाराला वंशावळीशी काय कर्तव्य?

नकाशा खरा आहे काय, हा प्रश्न मात्र दुकानदारावर सोपवता येत नाही. विवक्षित इंद्रिय बिघडले म्हणजे तळव्यातील तत्संबंधी जागी स्फटिक साचतात आणि ते आंगठ्याला जाणवतात, असे इंगहॅमबाईंचे प्रतिपादन होते. असे स्फटिक शरीरशास्त्राला आढळलेले नाहीत आणि तळव्याचा ठराविक ठिपका यकृताला किंवा मूत्रपिंडाला जोडणारा मज्जातंतूही सापडलेला नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेत, रोग्यांच्या व्याधी ठाऊक नसलेल्या दोन उपचारकांना त्याच रोग्यांचे पाय तपासावयास दिले होते. दोघांचे निदान व्याधींशी जुळले नाही आणि आपसांतही जुळले नाही. २००९ साली एडझार्ड अर्न्स्ट यांनी १८ नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा कोणत्याही रोगावर ही पद्धती गुणकारी असल्याचा खात्रीलायक पुरावा त्यांना मिळाला नाही.

निद्रेची गोष्ट मात्र जराशी निराळी आहे. तुर्कस्तान, इराण, दक्षिण कोरिया इत्यादी देशांत रुग्णालयांतील रोगी, वृद्ध माणसे, पाळीने काम करणाऱ्या परिचारिका यांच्यावर प्रयोग झाले आहेत आणि त्यांपैकी पुष्कळांत पायाच्या मर्दनानंतर झोप सुधारल्याचे रोग्यांनी सांगितले आहे. हे प्रयोग बहुतेक लहान आहेत. शिवाय त्यांत एक अडचण मूळचीच आहे. औषधाच्या परीक्षेत साखरेची गोळी देऊन रोग्याला अंधारात ठेवता येते; पाय चोळले की नाहीत, याविषयी त्याला अंधारात कसे ठेवणार? तेव्हा श्रेय ठिपक्यांचे, की नुसत्या चोळण्याचे, की कोणीतरी अर्धा तास आपल्यापाशी बसले याचे, हे वेगळे काढणे दुष्कर होते.

या कोड्यावर अनपेक्षित प्रकाश पडला तो पायाच्या वैद्यकाकडून नव्हे, तर झोपेच्या अभ्यासकांकडून. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संशोधकांनी १९९९ साली एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. माणसाला झोप किती लवकर लागेल, हे आधी कशावरून ओळखावे, याचा त्यांनी शोध घेतला होता. शरीराचे तापमान, नाडीची गती, माणसाने स्वतः सांगितलेली पेंग, या सर्वांपेक्षा हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या किती प्रसरण पावल्या आहेत, ही खूण अधिक भरवशाची ठरली. सोप्या शब्दांत सांगावयाचे तर, ज्याचे पाय उबदार झाले त्याला झोप लवकर लागली.

याचे कारण समजण्यासारखे आहे. संध्याकाळ झाली की शरीराचे अंतर्गत तापमान हळूहळू उतरू लागते आणि ते उतरणे हा निद्रेच्या तयारीचाच एक भाग असतो. आतील उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीराने काही दारे ठेवली आहेत. तळहात आणि तळपाय ही त्यांपैकी प्रमुख. तेथील त्वचेत धमन्या व शिरा यांना थेट जोडणाऱ्या वाहिन्या आहेत. त्या उघडल्या की उष्ण रक्त पृष्ठभागापाशी येते, पाय उबदार लागतात आणि त्याच वेळी शरीराचा गाभा थंड होत जातो. चिंतेने ग्रासलेल्या माणसाच्या बाबतीत याच्या उलट घडते; मज्जासंस्था ताणलेली राहते, वाहिन्या आकुंचित होतात, पाय गार पडतात आणि माणूस कुशी पालटीत राहतो. चोळण्याने तळव्यातील रक्ताभिसरण वाढते, गरम पाण्यात पाय बुडविल्यानेही वाढते. काशाची वाटी फिरविणारी आजी तो काळा लेप दाखवून जे सांगत होती, ते लेपाच्या बाबतीत चुकीचे होते. पण निजण्यापूर्वी अंगातील उष्णता तळव्यावाटे बाहेर पडते, हे तिचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते.

उष्णतेने सारा उलगडा होतो असेही नाही. पायात २६ हाडे असतात. तेथील स्नायू, बंध आणि त्वचा यांतून मेंदूकडे दिवसभर वार्ता जात असतात, कारण त्यांच्यावाचून तोल सांभाळता येत नाही. उभे राहून काम करणाऱ्या शिक्षकाला, कंडक्टरला किंवा गिरणीतील कामगाराला रात्री जी ठणक जाणवते, ती झोपेची मोठी वैरीण आहे. संथ, स्थिर दाबाने ही ठणक मंदावते. दुखऱ्या जागी आपण न सांगता हात नेतो, त्यातील मर्म तेच आहे.

परंतु पाय चेपण्याचा विचार करताना, चेपणाऱ्याचे काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. या देशात पाय कोणी कोणाचे चेपावयाचे हे बहुधा ठरलेले असे. सुनेने सासूचे, गड्याने धन्याचे, शिष्याने गुरूचे. दिवसभर राबलेली सून रात्री पाय चेपावयास बसे, तेव्हा सासूला झोप लागे. सुनेच्या झोपेची नोंद कोणत्याही संहितेत नाही. लक्ष्मीच्या चित्राकडे पाहून कित्येक पिढ्यांनी ही व्यवस्था रास्त मानली. हक्काने मिळवलेल्या या सेवेहून पंढरीच्या वाटेवरील सेवा फार निराळी दिसते. आळंदीहून पंढरपुरापर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट चालणाऱ्या वारकऱ्यांच्या पायांना मुक्कामाच्या ठिकाणी तेल लावणारी, ते चेपणारी माणसे असतात. त्यांत विद्यार्थी असतात, डॉक्टर असतात, व्यापारीही असतात. तेथे वारकऱ्याचे नावगाव, जात किंवा मान विचारात घेतला जात नाही. पाय दमले आहेत, एवढे पुरते. घरातही मुलाने आईचे, नवऱ्याने बायकोचे पाय चेपावयास कोणतीच आडकाठी नाही. आणि कोणीच नसेल, तर स्वतःचा पाय स्वतःच्या मांडीवर घेता येतो.

काही जणांनी मात्र हा उपाय विचारून मगच करावा. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना दाब, ओरखडा किंवा पाण्याचा चटका कळत नाही आणि क्षुल्लक जखम पुढे चिघळते. काटेरी चटया आणि खडावा त्यांनी तर वापरूच नयेत. एकच पाय सुजला असेल, पोटरी दुखत असेल व गरम लागत असेल, तर आतील शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. असा पाय चोळणे धोक्याचे. आधी डॉक्टरांना दाखवावा. गर्भवतीने आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. झोप महिनोन्‌महिने येत नसेल, घोरताना श्वास अडत असेल किंवा पहाटे उदास मनाने जाग येत असेल, तर त्याचे मूळ तळव्यात शोधून उपयोग नाही. दीर्घकालीन निद्रानाशावर, झोपेच्या सवयी व विचार बदलणारी मानसोपचारपद्धती प्रथम योजावी, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१६ साली केली. पायाचा आंगठा दाबीत बसून त्या उपचाराला उशीर करणे, हीच या नकाशाकडून होणारी खरी हानी आहे.

ज्यांना अशी अडचण नाही, त्यांनी निजण्यापूर्वी अर्धा तास राखून ठेवावा. कोमट पाण्यात दहा मिनिटे पाय बुडवून कोरडे करावेत. खोबरेल, तिळाचे तेल किंवा तूप, घरात असेल ते, थोडेसे हातावर घ्यावे. प्रथम दोन्ही तळहातांनी घोट्यापासून बोटांपर्यंत सावकाश चोळावे. मग आंगठ्याने टाचेपासून वर वर जावे. एकेक बोट हलकेच ओढावे. उंचवट्याखालच्या खळगीवर क्षणभर स्थिर दाब द्यावा. नकाशा मानणाऱ्याने नकाशासाठी द्यावा, न मानणाऱ्याने बरे वाटते म्हणून द्यावा. दुखेल इतके दाबण्यात पुरुषार्थ नाही. एकेका पायाला सात-आठ मिनिटे पुरेत आणि तेवढा वेळ दिवा मंद व दूरध्वनी दूर असावा. झाल्यावर तळवे कोरड्या फडक्याने नीट टिपून घ्यावेत आणि सैल सुती मोजे घालावेत. मोज्यांनी ऊब टिकते. पण रात्री उठावे लागणाऱ्या वृद्धांनी ते काढून मगच चालावे, कारण तेलकट तळवा काय किंवा गुळगुळीत मोजा काय, फरशीवर दोन्ही सारखेच घसरतात.