वडीलधाऱ्या बाईच्या हातचे काम



मी सातवी शिकलेली बाई. डोळ्यांनी पाहते तेच सांगते. पुष्कळ घरांतून सासूबाईंना मायेने म्हणतात, "आता तुम्ही स्वस्थ बसा." पण हातचे काम सुटले की बाईला आपण कुणाच्या उपयोगाच्या नाही असे वाटू लागते.

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा निघाली. साठीपुढच्या बायका गुलाबी लुगडी नेसून पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. सही आली हे खरेच. पण रोज कुणी आपली वाट पाहते, हे सुख मला त्याहून मोठे वाटते.

तेव्हा वडीलधाऱ्या बाईला विश्रांती द्या, पण लोणच्याचे प्रमाण तिलाच विचारा. आणि मंडळात येताना तिला बरोबर आणा.